पाचवं सीडर : हरणानं सोललेल्या एका झाडाचा प्रकरण अभ्यास

गेल्या वर्षी सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. बाबा सकाळी चहाचा कप घेऊन परसात गेले आणि तिथूनच त्यांनी हाक मारली, "इकडे ये जरा. तुझं झाड कोणी तरी सोललंय."

आमचं घर अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अथेन्स गावाच्या बाहेर आहे. मागे ओढा, ओढ्यापलीकडे ओक आणि पाइनचं रान. माती तांबडीलाल, पावसात बुटांना लगदा होऊन चिकटणारी. कोकणातून आलेल्या पाहुण्यांना ती पहिल्याच दिवशी ओळखीची वाटते. परसाच्या कडेला आम्ही तीन वर्षांपूर्वी पाच सीडर ओळीनं लावली होती. या झाडाला इथे ईस्टर्न रेड सीडर म्हणतात. नावात सीडर असलं तरी ते देवदाराच्या जातीचं नाही, ज्युनिपर आहे. एके काळी अमेरिकेतल्या शिसपेन्सिली याच्याच लाकडाच्या होत असत.

सोललं होतं ते ओळीतलं शेवटचं, ओढ्याच्या बाजूचं पाचवं झाड. खोड मनगटाएवढं. गुडघ्याच्या जरा खालपासून मांडीच्या वरपर्यंत, एका बाजूची साल पार निघालेली. खाली लाकडाचा दुधी रंग, आणि दोन ठिकाणी काही तरी खोल रुतलं होतं तिथे गाभ्याची लालसर रेघ. जवळ वाकलो तर वास आला, पेन्सिलीला नुकतं टोक काढल्यावर येतो अगदी तोच. बुंध्याशी सालीचे धागे काथ्यासारखे पडले होते.

मी लगेच गवत कापायला येणाऱ्या मुलाला दोष दिला. त्याच्या यंत्राची दोरी खोडाला लागली असणार असं मला वाटलं आणि त्याला फोन करायला मी खिशात हातही घातला.

"थांब," बाबा म्हणाले. "यंत्राचा घाव घोट्याशी असतो. हा मांडीशी आहे. हे शिंगानं घासलंय."

बाबांची सगळी नोकरी गोंदिया जिल्ह्यात, नवेगावच्या जंगलालगतच्या गावांतल्या शाळांत झाली. चितळ त्यांनी शाळेच्या कुंपणाशी पाहिलेलं आहे. आम्ही त्यांना सहा महिन्यांसाठी इकडे आणलं तेव्हा मला काळजी होती की यांचा वेळ कसा जाईल. त्या झाडानं तो प्रश्न सोडवला. पुढचे दोन महिने आम्ही दोघांनी त्या एका झाडाचा जसा पाठपुरावा केला, तसा मी नोकरीतसुद्धा कशाचा केलेला नाही. हे टिपण त्याचं आहे.

सालीवरून काय कळलं

झाडाची साल निघण्याची कारणं बरीच असतात आणि प्रत्येकाची सही वेगळी असते. ससा किंवा शेतउंदीर कुरतडतो तेव्हा घाव जमिनीलगत असतो आणि त्यावर बारीक दातांच्या जोडरेघा दिसतात. खार वरच्या फांद्यांवर जाते. हरीण साल खातं तेव्हा खालचे दात खाली रुतवून वर ओढतं. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, त्यामुळे साल पट्टीसारखी वर फाटत जाते आणि वरच्या टोकाला लोंबते.

आमच्या झाडावर असं नव्हतं. धागे घावाच्या वरच्या कडेलाही पिंजलेले होते आणि खालच्याही. म्हणजे जे काही घासलं ते खाली-वर, खाली-वर असं दोन्ही दिशांना फिरलं होतं. मी टेप आणून मोजलं. घाव जमिनीपासून ३८ सेंटिमीटरवर सुरू होऊन ८४ वर संपत होता. बाबांनी चष्मा वर करून खोडाच्या डिंकात अडकलेले तीन-चार आखूड, राखी-तपकिरी केस दाखवले. आणि ओढ्याच्या बाजूच्या ओल्या मातीत, झाडापासून हातभर अंतरावर, दुभंगलेल्या खुरांचे दोन खोल ठसे. पाय रोवून उभं राहिलेल्या जनावराचे.

घाव फक्त ओढ्याकडच्या बाजूला होता. घराकडची साल शाबूत. हरीण ज्या बाजूनं येतं, बहुतेकदा त्याच बाजूनं खोडाला भिडतं. त्यामुळे अशा दोन-चार खुणा ओळीनं सापडल्या, तर त्या नराची ये-जा कुठून कुठे आहे ते कळतं. बाबा ओढ्यापलीकडे गेले आणि अर्ध्या तासात तशीच आणखी तीन झाडं शोधून परतले. दोन कोवळे पाइन, एक ससाफ्रास. तिन्ही वासाची झाडं, तिन्हींचा घाव एकाच दिशेला. इथले शिकारी अशा खुणेला 'रब' म्हणतात आणि ओळीला 'रब लाइन'. मीही पुढे तोच शब्द वापरतो.

आता आमचंच झाड का? त्याचं उत्तर मला स्वतःकडे बघून मिळालं. जुलैमध्ये गवत कापायचं यंत्र नीट फिरावं म्हणून मी पाचही सीडरांच्या खालच्या फांद्या छाटल्या होत्या. सीडरचं झाड एरवी जमिनीपर्यंत झुपकेदार असतं, शिंगांना खोडापर्यंत पोचायला त्रास पडतो. मी कमरेपर्यंत खोड मोकळं केलं. गुळगुळीत, बिनफांद्यांचं, मनगटाएवढं, सुवासिक खोड, आणि तेही ओढ्याच्या वाटेवर. नराला आवडतं ते सगळं मी एका जागी तयार करून दिलं होतं. गवतवाल्या मुलाला फोन केला नाही हे फार बरं झालं.

मखमलीचा समज

शेजारी सत्तरीतले एक गृहस्थ राहतात. चाळीसेक वर्षं हरणाची शिकार करत आलेले. त्यांनी झाड पाहिलं आणि सांगितलं की नर शिंगांवरची मखमल काढतोय, दोन दिवसांत थांबेल. हा समज इथे घरोघरी आहे, आणि आपल्याकडेही जंगलात फिरणारे बरेच जण हेच सांगतात.

त्यात थोडं खरं आहे. पांढऱ्या शेपटीच्या या हरणाची शिंगं वसंतात उगवतात आणि उन्हाळाभर वाढतात. आत हाड, वर केसाळ मऊ कातडी, तीच मखमल, तिच्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू. प्राण्याच्या शरीरात इतक्या झपाट्यानं वाढणारं दुसरं काही क्वचितच असेल. मग उन्हाळा ढळतो, दिवस लहान होऊ लागतो, नराच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक चढतं. हाड घट्ट होतं, कातडीचा रक्तपुरवठा आटतो, ती सुकून फाटायला लागते. ती निघायला फार वेळ लागत नाही, बहुतेकदा एका दिवसात सगळं आटोपतं. नर त्यासाठी झुडपांवर शिंगं घासतो आणि लोंबणारे तुकडे कधी कधी स्वतःच खाऊन टाकतो. जॉर्जियात हे सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्याच्या आसपास घडतं.

पण मग मखमल गेल्यावर काम संपायला हवं. आमच्या पाचव्या झाडावर ताजा घाव सप्टेंबरअखेर दिसला, ऑक्टोबरात दोनदा, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तर आधीच्या घावाशेजारी नवीन पट्टाच उघडा पडला. एका दिवसाच्या कामाला कोणी दोन महिने लावत नाही. एक नर एका हंगामात अशी शेकड्यांनी झाडं घासतो आणि त्यातली बहुतेक सगळी मखमल गेल्यानंतर.

बाबांना यातली वेगळीच गोष्ट नवलाची वाटली. इथे सगळ्या नरांची मखमल पंधरा दिवसांच्या आत-बाहेर कशी उतरते? नवेगावात चितळांच्या एकाच कळपात एकाची शिंगं कडक, दुसऱ्याची मखमलीत आणि तिसऱ्याची नुकती गळालेली, असं त्यांनी कितीदा पाहिलेलं. अथेन्स साधारण ३४ अंश उत्तरेला आहे, नवेगाव २१ अंशांजवळ. जितकं उत्तरेला जावं तितका उन्हाळ्या-हिवाळ्यातल्या दिवसाच्या लांबीतला फरक वाढतो, आणि कडक हिवाळ्याच्या मुलखात पिल्लं चुकीच्या महिन्यात जन्मली तर जगत नाहीत. त्यामुळे इथल्या हरणांचं घड्याळ सूर्यावर काटेकोर लावलेलं आहे. चितळाला तशी घाई नाही. त्याचा माजाचा जोर मध्य भारतात ऐन उन्हाळ्यात असतो, पण शिंगांचं वेळापत्रक ज्याचं त्याचं. सांबराचं पुन्हा निराळं, त्याची कडक शिंगं हिवाळ्यात बघावीत.

कपाळ

खरी गोष्ट शिंगांची नाहीच, कपाळाची आहे. आणि ही गोष्ट शोधली गेली ती आमच्याच गावात, युनिव्हर्सिटी ऑफ जॉर्जियाच्या वनविद्या विभागात. मी तिथे रोज गाडीनं जवळून जातो आणि मला वर्षानुवर्षं याचा पत्ता नव्हता.

लॅरी मार्चिंटन आणि त्यांचे विद्यार्थी १९७०च्या दशकात या हरणांच्या मागावर होते. १९७४ मध्ये मूर आणि मार्चिंटन यांनी खुणा करण्याच्या सवयीचा आणि कळपातल्या पायरीचा संबंध मांडला. १९७७ मध्ये काइल आणि मार्चिंटन यांनी रब कुठे, कधी, कसल्या झाडांवर होतात त्याचा तपशील दिला. पण नुसती शिंगं घासून मागे काय उरतं, हा प्रश्न होताच. सोललेलं खोड डोळ्यांना दिसतं, हे खरं. संध्याकाळच्या अंधुक उजेडात ते पांढरट लाकूड मलाही स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं. हरणाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, आपल्यासारख्या तीन नाहीत. लाल रंग त्याला आपल्यासारखा कळत नाही. उजळ आणि गडद यातला फरक मात्र त्याला तिन्हीसांजेला आपल्यापेक्षा चांगला दिसतो. म्हणजे गाभ्याची ती लाल रेघ माझ्यासाठी होती, त्याच्यासाठी तो एक उजळ पट्टा.

१९८२ मध्ये ॲटकेसन आणि मार्चिंटन यांनी नरांच्या कपाळाची कातडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. शिंगांच्या बुडाशी आणि दोन डोळ्यांच्या वरच्या भागात त्यांना घामाच्या ग्रंथींचा एक प्रकार मिळाला. या ग्रंथी माजाच्या दिवसांत फुगून कामाला लागतात, आणि सगळ्यात जास्त त्या कळपातल्या मोठ्या, वयस्क नरांमध्ये. त्या दिवसांत अशा नराच्या कपाळाचे केस तेलकट, काळपट दिसतात. झाडावर तो घासतो ते शिंगांचं टोक नव्हे. टोकं लागलीच तर ती खोल ओरखडा काढतात, आमच्या लाल रेघेसारखा. घासतं ते शिंगाचं बूड, जिथे हाडावर मोत्यांसारखे खडबडीत दाणे असतात. त्या खरखरीत बुडानं साल निघते आणि उघड्या, ओलसर लाकडावर कपाळ फिरतं. खिसणी आणि लेप दोन्ही एकाच जागी.

हे समजल्यावर आम्ही झाडापासून सात-आठ पावलांवर एक ट्रेल कॅमेरा बांधला, जनावर समोर आलं की आपोआप टिपणारा. तिसऱ्या रात्री नर आला. शिंगांना आठ टोकं, मान जाड झालेली. आधी त्यानं खोड हुंगलं. बराच वेळ. मग जिभेनं चाटलं. मग डोकं खाली घालून शिंगाचं बूड खोडाला लावलं आणि चार-पाच वेळा खाली-वर केलं, जोर लावून, इतका की वरचा शेंडा हलताना दिसतो. थांबला. परत हुंगलं, परत चाटलं. मग शिंगं बाजूला झुकवून नुसतं कपाळ, अगदी हळू, जवळजवळ लाडात आल्यासारखं, खोडावरून फिरवलं. सगळं मिळून दोन मिनिटंही लागली नाहीत. बाबांनी ती चित्रफीत मला सहा वेळा लावायला लावली. "राग नाही बघ त्याच्यात," ते म्हणाले. शेवटच्या त्या हळू हालचालीबद्दल ते बोलत होते, आणि मला ते अगदी पटलं. झाडाशी झुंज चालली आहे असं वर्णन आपण नेहमी ऐकतो. झुंजीचा सराव त्यात असेलही, मान बळकट होतही असेल, पण आपण केलेली खूण कशी झाली हे कोणी झुंजीत पुन्हा पुन्हा तपासून बघत नाही.

त्या वासात नेमकं काय असतं? १९९७ मध्ये गॅसेट आणि सहकाऱ्यांनी, मार्चिंटन आणि कार्ल मिलर त्यांत होते, नरांच्या कपाळाच्या केसांवरून हवेत उडणारी रसायनं वेगळी केली. डझनावारी निघाली. त्यातल्या काहींचं प्रमाण वरचढ नरात एक आणि दबून राहणाऱ्या नरात दुसरं. म्हणजे वासातून फक्त 'इथे नर होता' एवढंच कळत नाही, तो कोणत्या पायरीवरचा आहे तेही कळू शकतं. शिवाय उडणारं रसायन उडून जातं. ताजा वास आणि शिळा वास वेगळा असतो, त्यामुळे नर कधी येऊन गेला याचाही अंदाज नाकाला येतो, आणि खूण जिवंत ठेवायची तर पुन्हा यावं लागतं. आमच्या झाडावर तो परत परत का येत होता, ते इथे उलगडलं.

वयाचा मुद्दा मिशिगनमध्ये फार स्वच्छ दिसला. तिथल्या कुसिनो इथे २५२ हेक्टरचं कुंपण घातलेलं रान होतं. जॉन ओझोगा आणि लुइस व्हर्म यांनी तिथे आधी मोठे नर असताना आणि मग मोठे काढून फक्त दीड वर्षाचे नर ठेवून तुलना केली. १९८५ मध्ये छापलेल्या त्या कामात निघालं की माद्या गाभण राहायच्या त्या राहिल्याच. पण कोवळ्या नरांनी रब खूपच कमी केले, आणि जमीन उकरून केलेल्या खुणा तर नावापुरत्या. रान तेच, माद्या त्याच, माज तोच, पण खुणांची भाषा जवळजवळ बंद पडली. मला वाटतं या सगळ्या विषयातली ही सगळ्यात बोलकी गोष्ट आहे. शिंगं असली, अंगात जोर असला, म्हणून कोणी खूण करत नाही. खूण करायला कळपात काही तरी स्थान लागतं.

कोण कोण आलं

कॅमेरा सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणापर्यंत होता. सुरुवातीला आम्हाला वाटलं होतं की हे एका नराचं झाड आहे. तसं नव्हतं. आठ टोकांचा तो मोठा नर नेहमीचा. दुसरा एक, डाव्या शिंगाचं एक टोक मोडलेला, ऑक्टोबरच्या मध्यापासून. त्यानं मोठ्याच्या घावावरच घासलं, शेजारी नाही. आणि तिसरा दीड वर्षाचा पोरगेला, दोन सुळ्यांसारखी शिंगं. तो तीनदा आला. हुंगलं, मान मागे घेतली, इकडेतिकडे पाहिलं आणि निघून गेला. चौथ्या वेळी तो झाडाला शिवलाच नाही. तिथून वीस पावलांवर बोटाएवढ्या जाडीच्या एका रोपट्यावर त्यानं शिंगं घासली आणि ते रोपटं मोडलं. बाबा खूप हसले त्याला. वर्गात शेवटच्या बाकावर नाव कोरणारं पोर असतं ना, तसा आहे म्हणाले.

माद्या येतील असं मला वाटलं नव्हतं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात एक मादी आली, मागे दोन पिल्लं, ठिपके गेलेली. पिल्लं गवतात तोंड घालून उभी. मादीनं घाव हुंगला, चाटला, आणि मग चक्क स्वतःचं कपाळ त्याला लावलं. मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं, कारण मला वाटलं अंधारात मला भास होतोय. पण इथल्याच विद्यापीठातल्या सॉयर, मार्चिंटन आणि मिलर यांनी माद्या अशा खुणांना कसा प्रतिसाद देतात ते १९८९ मध्येच छापलेलं आहे. म्हणजे त्या झाडावर नर एकमेकांना दम देत होते, एवढंच चाललं नव्हतं. माद्या ते वाचत होत्या आणि आपलंही काही ठेवून जात होत्या. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, इकडच्या भागात माज ऐन भरात असतो त्या सुमारास, मादी येऊन गेल्यावर चाळीस मिनिटांत मोठा नर नाक जमिनीला लावून त्याच वाटेनं गेला.

आता एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे, कारण आपल्याकडे वाचणाऱ्याच्या मनात ती लगेच येईल. वाघ झाडावर नखं ओढतो, मुताचा फवारा मारतो, आणि आपण म्हणतो त्यानं हद्द आखली. हरणाच्या रबालाही लोक हद्दच म्हणतात. मीही पहिल्या आठवड्यात घरी हेच सांगत होतो. पण पांढऱ्या शेपटीचा नर हद्द राखत नाही. तीन-चार नरांचं फिरणं एकाच रानात, एकाच वाटांवर, एकमेकांत मिसळलेलं असतं. आमच्या झाडावर तिघं आले आणि कोणी कोणाला हाकललं नाही. रबातून एवढंच ठरतं की या वाटेवर कोण वावरतो आणि तो किती तोलाचा आहे. एकमेकांना आधीच ओळखणाऱ्या नरांना मग समोरासमोर आल्यावर शिंगं भिडवून ते नव्यानं ठरवावं लागत नाही. खऱ्या झुंजीत डोळा जातो, पोट फाटतं, कधी शिंगात शिंग अडकून दोघंही उपाशी मरतात. एका झाडाची साल त्यापुढे फार स्वस्त आहे.

त्या साऱ्या दिवसांत आमच्याकडे ओकची फळं अंगणात पायाखाली चुरडतील इतकी पडली होती. शेजारचे गृहस्थ म्हणाले, ज्या वर्षी ओकला भरपूर फळ, त्या वर्षी रब जास्त. हे मात्र त्यांचं अगदी बरोबर होतं. मिलर आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये हेच मांडलं होतं, की अडीच वर्षांवरचे नर जास्त आणि ओकचं पीक चांगलं असेल तर रबांची संख्या वाढते. पोट भरलेल्या नराला खुणा करायला वेळ आणि ताकद दोन्ही उरते.

बाबांना सगळ्यात आनंद झाला तो मात्र रबाचा नव्हे. झाडापासून थोडं पुढे, ओकच्या एका खाली आलेल्या फांदीखाली, जमीन ताटाएवढी उकरलेली सापडली. इथे त्याला 'स्क्रेप' म्हणतात. वरच्या फांदीचं टोक चघळून पिंजलेलं. नर त्या फांदीला तोंड, कपाळ, डोळ्याच्या कोपऱ्यातली ग्रंथी लावतो आणि खालच्या उकरलेल्या मातीत मुततो. फांदी बघताक्षणी बाबा म्हणाले, "हे आमचं चितळ करतं." चितळाचा नर मागच्या दोन पायांवर ताठ उभा राहून उंचावरच्या फांदीला तोंड घासतो, हे त्यांनी नवेगावात पाहिलेलं. सांबरही करतो. तिकडे तीस वर्षं ते हे पाहत होते आणि त्यांना वाटायचं चितळ पाल्यासाठी उडी मारतंय. पाला न खाता का परत येतं, हा प्रश्न त्यांच्या मनात तेव्हापासून होता. जॉर्जियातल्या ओकखाली त्यांना तो सुटलेला मिळाला.

या सामाईक चाटण्या-घासण्याची एक काळजीची बाजूही आहे आणि ती लपवू नये. हरणांना क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा मेंदूचा जीवघेणा रोग होतो, त्यावर उपाय नाही, आणि त्याचं कारण असलेली बिघडलेली प्रथिनं लाळेतूनही पसरतात. जॉर्जियात तो पहिल्यांदा सापडला जानेवारी २०२५ मध्ये, राज्याच्या दक्षिणेतल्या लनिअर काउंटीत. अनेक हरणं जिथे येऊन चाटतात त्या जागांकडे म्हणून आता वेगळ्या नजरेनं पाहावं लागतं. आम्ही नंतर झाडाला आणि त्या फांदीला हात लावणं बंद केलं.

चार झाकली, एक ठेवलं

घरात प्रश्न वेगळाच होता. सीडर लावली होती माझ्या बायकोनं, रोपं तिनं निवडली होती, पहिल्या उन्हाळ्यात रोज पाणी तिनं घातलं होतं. तिचं म्हणणं साधं होतं, "तुम्हा दोघांचा अभ्यास होतोय आणि झाड माझं मरतंय." तिचं चुकत नव्हतं. सालीच्या लगेच खाली झाडाचा जिवंत थर असतो. पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे जातं ते सालीतूनच. ती साल खोडाच्या सगळ्या बाजूंनी, पूर्ण गोल निघाली, की मुळं उपाशी मरतात आणि मागोमाग झाड. हरणांमुळे इथल्या फळबागांत आणि रोपवाटिकांत असंच नुकसान होतं. नोव्हेंबरमध्ये आमच्या झाडाचा निम्म्याहून जास्त घेर उघडा होता.

आम्ही तडजोड केली. चार झाडांना सांडपाण्याचा पन्हाळीदार प्लास्टिक पाइप उभा चिरून गुंडाळला, जमिनीपासून सव्वा मीटर उंच. हे काम खरं तर ऑगस्टअखेरच, मखमल उतरण्याआधी व्हायला हवं. नंतर केलं तर ज्या झाडावर खूण झाली आहे तिथे नर पुन्हा येतोच. पाचवं झाड उघडं ठेवलं, फक्त घराकडच्या शाबूत बाजूला जाळी बांधली, म्हणजे घेर पूर्ण होणार नाही. सगळीच झाकली असती तर नर ओढ्यापलीकडच्या कुठल्या तरी झाडाकडे गेला असता, हे मला ठाऊक आहे. पण एवढं सगळं पाहिल्यावर ते झाड झाकायला माझा हात झाला नाही. बायकोनं ते मान्य केलं, एका अटीवर, की पुढच्या पावसाळ्यात तिथे मी तिला सहावं सीडर आणून देईन आणि त्याच्या खालच्या फांद्या कोणी छाटणार नाही.

या परसात हरणं असणं ही गोष्टही मी आता गृहीत धरत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्जियातून ही हरणं शिकारीपायी जवळपास संपली होती. आर्थर वूडी नावाच्या वनरक्षकानं १९२८च्या सुमारास स्वतःच्या खिशातून हरणं विकत घेऊन उत्तरेच्या डोंगरात सोडली. पुढे सरकारनं आणि शिकाऱ्यांनी मिळून अनेक दशकं दुसऱ्या राज्यांतून हरणं आणली. आज राज्यात ती दहा लाखांहून जास्त आहेत. बाबांना मी वूडीची गोष्ट सांगितली तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी फोनवर नवेगावच्या एका जुन्या सहकाऱ्याला ते सगळं साग्रसंगीत सांगत होते.

बाबा नोव्हेंबरअखेर परत गेले. जानेवारीत कॅमेऱ्यात मोठा नर दिसला, एकाच शिंगाचा. पुढच्या आठवड्यात तेही नव्हतं. वसंतात पाचव्या सीडरच्या घावाच्या कडांवरून नवी साल आत सरकायला लागली, ओठ मिटत यावेत तशी. शेंडा हिरवा राहिला.

या वर्षी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी परसात गेलो आणि काही दिसायच्या आधी पेन्सिलीचा वास आला. मी तिथूनच बाबांना व्हिडिओ कॉल लावला. नवेगावात संध्याकाळ झाली होती, मागे कोणी तरी गुरं आणत होतं.

"परत आला," मी म्हटलं.

"तोच का?"

"कॅमेरा अजून लावला नाही."

"उंची मोज आधी," बाबा म्हणाले. "आणि बाजू कोणती ते बघ."

बाजू ओढ्याकडचीच होती. उंची ९१ सेंटिमीटर.